हवेची गादी

दर गुरुवारी प्रमिला सिस्टरच्या स्कूटीवर मागे मी.
मांडीवर गादीचा पंप,
खांद्याला गॉज, हातमोजे, भुकटीची डबी.
बत्तीस वर्षं साकोली डेपोत तिकिटं फाडली
म्हणून गोळ्या मोजायचं काम माझ्याकडे.
सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकेक, झोपताना दोन.
वहीत खूण. उरलेल्या पुन्हा मोजायच्या.
मॉर्फिनचा हिशेब तिकिटांपेक्षा कडक.

कवडू वलथरेकडे पहिल्यांदा गेलो
तेव्हा माझ्या खिशात खर्रा होता.
त्याच्या तोंडावरचा गमछा सुटला
आणि गालातून दाढा दिसल्या.
मी खिसा हातानं दाबून धरला,
पन्नी वाजू नये म्हणून.

सिस्टर नाकाकडे हात नेत नाही.
आधी विचारते, काका, रात्री कोणत्या कुशीवर झोप लागली?
मग जखम धुते,
साठवणीच्या तांदळाला बोरिक लावावं तशी
चिमटीचिमटीनं भुकटी टाकते, सांदीकोपऱ्यात.
तीन दिवसांत वास उतरला.
शेजारी परत ओसरीवर टेकू लागले.

मला काय काम?
ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं : बसा.
सगळं ठीक होईल, असं म्हणू नका.
कंडक्टरला बसायची सवय नसते.

पाचव्या गुरुवारी कवडू खाटेच्या काठावर
हात आपटत होता.
भागरता म्हणाली, "रातभर असाच करते जी. दुखत असन."
मी जास्तीची गोळी दिली, वेळ लिहिली.
अर्धा तास गेला. हात थांबेना.
पोरगा म्हणाला, नागपूरला नेऊ.
सून काहीच बोलली नाही, दाराशी उभी, पोट आत गेलेलं.
सिस्टर त्याच्या नजरेमागे चालत गेली,
उंबऱ्यातून आत,
चुलीपाशी.
चूल थंड. वर कोळ्याचं जाळं.

"तुम्ही जेवता कधी?"
"मांगं, सांदीत. लपूनशान.
त्यायच्या नाकात नरी, अन् आमी समोर कसं खावाचं?
दोन मयने झाले, मासोऱ्या नाई रांदल्या."

हात थांबला.

ढिवराच्या घरात दोन महिने मासोळी नाही.
आणि आम्ही वहीत दुखणं लिहीत होतो,
दहापैकी सहा, दहापैकी चार.

पोरानं तलावावरून झिंगे आणले.
जवसाच्या तेलात पडले, चुर्र झालं,
धूर खाटेपर्यंत गेला.
आम्ही पाच जण तिथंच, त्याच्या पायाशी,
मांडी घालून भात कालवला.
त्याची पेज नळीतून, आमच्याच वेळेला, हळूहळू.
त्यानं बोटानं दाखवलं : सुनेला वाढ.
मग माझ्या ताटाकडे पाहिलं.
हसला असावा.
त्या चेहऱ्यावर नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर एकोणीस दिवस.
गेला तो पहाटे, भागरताच्या हातावर.
सिस्टर पोचली तेव्हा तिनं काही सांगितलं नाही,
फक्त दोघींनी मिळून नळी काढली,
गालाला शेवटची स्वच्छ पट्टी लावली.
पोरगा अजून माझ्याशी बोलत नाही.
त्याला वाटतं, गोळ्यांनीच नेलं.
सिस्टरनं दोनदा समजावलं.
मी तिसऱ्यांदा जाईन, बसेन.

खर्रा सुटला असं म्हणणार नाही.
गुरुवारी खात नाही.

तेरवीनंतर गादी आणायला गेलो.
उरलेल्या गोळ्या अकरा, वहीतही अकरा.
गादी तिनं उन्हात पुसून ठेवलेली,
हवा मात्र तशीच.
मी बूच काढलं.
बराच वेळ निघत राहिली ती,
मधे त्याच्या पाठीएवढा खोलगा पडत गेला.
आम्ही दोघं ऐकत उभे.

"आता कोनाकडं?"
लाखांदूरकडे एक बाई आहे, म्हणालो.
भागरतानं गादीची घडी घातली,
उलगडली, पुन्हा नीट घातली.
"तिले काय आवडते, इचारलं का जी?"

नव्हतं विचारलं.
वहीत तो रकानाच नाही.